लांबलेली आखाजी

गेल्या महिन्यात फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं, "आजी, स्कूलला स्कूल का म्हणतात?" मी म्हटलं, लिहून कळवते. तिला वाटलं असेल, आजीला येत नाही म्हणून आजी टाळते आहे. तसं नाही. इंग्रजीतल्या या एका शब्दाची चौकशी मी फार पूर्वी, जाडजूड पुस्तक उघडून, नीट केलेली आहे. अडचण अशी की चौकशी केल्यापासून माझा गोंधळ वाढला आणि तो अजून निस्तरलेला नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहिते. क्रम लावला की गोंधळ कमी होतो असा माझा एरवीचा अनुभव आहे. या बाबतीत तो कितपत खरा ठरेल, शेवटी तुम्हीच बघा.

आम्ही नंदुरबारला राहत होतो. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. मी इंग्रजी शाळेत जात होते. वर्गात आम्ही दोघीच मुली, आमचा बाक भिंतीकडे वेगळा. शाळेत मराठी आणि इंग्रजी, घरात पाऊल टाकलं की अहिराणी. मी इंग्रजी चौथीत असताना, म्हणजे मॅट्रिकला अजून तीन वर्षं असताना, माघात माझं लग्न झालं. सासर कळसाडीचं, म्हणजे तापीपलीकडे, शहाद्याच्या अंगाला. तुमचे आजोबा तेव्हा धुळ्याला बोर्डिंगात राहून शिकत होते. या सगळ्या हकिकतीत त्यांना कोणी काही विचारलं नाही, म्हणून तेही पुढे फारसे येणार नाहीत.

लग्नात असं ठरलं होतं की माझी वार्षिक परीक्षा होऊ द्यायची, पहिली आखाजी माहेरी करू द्यायची आणि मग माझ्या सासऱ्यांनी बैलगाडी आणून मला कायमचं घेऊन जायचं. तापीला तेव्हा पूल नव्हता. पाणी चढलं की गाडी पलीकडे जात नसे, म्हणून हे ज्येष्ठ उजाडायच्या आत उरकायचं होतं. शाळेचं काय, हे कोणी बोललंच नाही. न बोलताच ते सगळ्यांना माहीत होतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. मी ते एकदा आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि डाळ पाखडत राहिली.

आखाजी तुम्हाला ठाऊक नसेल. कॅलेंडरवर तिला अक्षय तृतीया म्हणतात, पण कॅलेंडरवाल्यांना ती कळलेली नाही. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला की सासू कितीही कडक असो, त्याला रिकामा परतवत नाहीत. लेक माहेरी आली की तिला कामाला हात लावू द्यायचा नाही. निंबाला झोका टांगायचा आणि तिनं झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, आमरस खायचा. आमच्या घरात त्यावर आणखी एक नेम होता. झोक्यावर बसलेल्या लेकीला हाक मारून उतरवायचं नाही. पाणी भरायचं असो, पाहुणा येवो, तिचं मन भरेल तेव्हा ती आपणहून उतरेल.

हा नेम पाळला जातो की नाही यावर माझ्या फुईची नजर असे. फुई म्हणजे भाऊंची थोरली बहीण, कोरीटला दिलेली. साठी उलटून गेली होती तिची, घरात सुना होत्या, नातवंडं होती. तरी दर आखाजीला भाऊ मुऱ्हाळी होऊन कोरीटला जायचे आणि तिला आणायचे. तीही लेकच ना या घरची. झोका टांगला की ती आधी दोरांना हिसका देऊन बघायची आणि झोक्यावर बसायची. झोका घ्यायची नाही, नुसती बसायची. पाय जमिनीला टेकलेले, हात दोरांना धरलेले, नजर कुठेच नाही. बोलायचीसुद्धा नाही. एरवी वर्षभर ती बाजाराला म्हणून आमच्याकडे यायची तेव्हा तिचं तोंड बंद नसे, म्हणून ते मला चमत्कारिक वाटायचं.

माझी शाळा हा तिच्या तोंडाचा आवडता विषय होता.

"रोज सकायमा उठीसन कोठे जास रे हाई?" ती भाऊंना विचारायची. मी समोर असले तरी भाऊंनाच.

"शाळामा जास, बाई."

"तठे काय करस?"

"बठस, वाचस."

"बठालेच जास ना? मंग इतला लांब कसाले? आठे वटा शे, वटावर बठ म्हना. बाप धक्कावर गाठी मोजस, माय चुल्हा फुकस, आन् आंडेर बठस. रिकामपन शे हाई, निस्तं रिकामपन."

आंडेर म्हणजे मुलगी, म्हणजे मी. भाऊ हसायचे. मला फार राग यायचा. शाळेत काय रिकामपण? भूमिती काय रिकामपण होतं? छडी रिकामपण होती?

त्या वर्षी परीक्षा संपली तेव्हा हेडमास्तरांनी आम्हाला सुट्टीचा अभ्यास दिला. प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द. तो मूळचा कुठल्या भाषेतला, त्याचा मुळात अर्थ काय, हे शोधून पानभर लिहायचं. "माणसाला गाव असतं तसं शब्दालाही असतं," ते म्हणाले. "त्याच्या गावापर्यंत जाऊन या." मुलांना स्टेशन, टिकिट असे शब्द मिळाले. एकाला कॉटन मिळाला, तो थेट अरबस्तानात निघाला. मला तो कॉटन हवा होता. मला मिळाला स्कूल. मी पुढच्या वर्षी येणार नाही हे हेडमास्तरांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खरं झालं असतं असं काहीतरी मनात होतं.

मोठा शब्दकोश हेडमास्तरांच्या खोलीत लाकडी घोडीवर ठेवलेला असे. मी उभ्यानं स्कूल काढला तर दोन स्कूल निघाले. एक शाळा. दुसरा माशांचा थवा. मला वाटलं, शाळेत मुलं एकत्र पोहतात, पाठीमागून मास्तर मोठ्या माशासारखे येतात, जुळतं हे. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. माशांचा शब्द डच लोकांकडून आला, शाळेचा ग्रीकांकडून. मी मासे सोडून ग्रीकांकडे गेले. तिथे मूळ शब्द दिला होता आणि त्याचा अर्थ: लेझर.

लेझर मला येत नव्हता. तोही काढला. लेझर म्हणजे फुरसत. रिकामा वेळ.

मी परत स्कूलवर आले. बोट ठेवून ओळ वाचली. पान चुकलं असेल म्हणून वरचा शब्द बघितला. पान बरोबर होतं. फुई जे ओट्यावरून ओरडत होती तेच इंग्रजांच्या कोशात छापलेलं होतं.

हेडमास्तर दारातून जात होते. मी विचारलं, "सर, स्कूलचा अर्थ फुरसत कसा?"

ते थांबले, कोशात डोकावले, चष्मा पुसला, पुन्हा डोकावले. मग म्हणाले, "हं. असं आहे होय?" आणि मग, "आत्ता मला फुरसत नाही. सुट्टीनंतर विचार."

सुट्टीनंतर! मी तशीच उभी राहिले. हाताशी लेझर उघडा होता, म्हणून त्याचंही गाव बघून घेतलं. तो फ्रेंचांकडून आला होता, त्याच्या मागे लॅटिन, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता परवानगी असणं. एखादी गोष्ट करायला मुभा असणं. म्हणजे शाळा ही फुरसत आणि फुरसत ही परवानगी. मी तिन्ही शब्द कागदावर एकाखाली एक लिहिले. नेहमी असं लिहिलं की मला समजायचं. त्या दिवशी काही समजलं नाही.

घरी आले तर भाऊ नुकतेच फुईला घेऊन आले होते. त्यांनी सहज विचारलं, काय दिलंय अभ्यासाला? मी सांगून बसले. शब्द कुठला, ग्रीक कोण, मुळात अर्थ काय. फुई पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"काय म्हननी? परत सांग."

"फुरसत," मी म्हटलं.

"देखा!" ती मांडीवर थाप मारून ओरडली. "मी कव्हयनी सांगी ऱ्हायनू! सायबना पुस्तकमा बी लिखेल शे. रिकामपन! आते तरी आयका मन्हं." आणि आईला हाक मारून तिनं ते पुन्हा सांगितलं, मग शेजारणीला. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला माहीत झालं की शाळेचा अर्थ रिकामपण असा साहेबानं लिहून ठेवला आहे. भाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की माझ्या बाजूनं बोलायचं जे काही त्यांच्या मनात असेल, ते मीच त्यांच्या हातून काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी झोका टांगला. निंबाची सावली दाट होती, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. माझी ती लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणून झोका आधी मला. पण मला झोके घ्यावेसे वाटत नव्हते. मी नुसती बसले, पाय टेकून, दोर धरून. माझ्या मनात एवढंच होतं की गाडी येईल आणि सुट्टीनंतर हेडमास्तरांना विचारायला मी नसेन. किती वेळ बसले कोण जाणे. आईनं कशासाठी तरी हाक मारली, तर फुई तिच्या अंगावर गेली, "झोकावर शे ती! आवाज नको दिऊ."

मग फुई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"आशीच बठस का तू शाळामा?"

"आशीच म्हणजे?"

"आशीच. कोनी हाक मारस नही. पानी भर म्हनस नही, पोऱ्या धर म्हनस नही."

मी विचार केला. छडी होती, भूमिती होती, घोकंपट्टी होती. पण हे खरं होतं की तिथे पाणी भर असं मला कोणी म्हटलं नव्हतं. "नही म्हनस," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"बारमास?"

"सुट्टी सोडून."

तिनं झोक्याचा दोर धरला. मग विचारलं, "आन् ती फुरसत म्हंजे काय लिखेल शे पुस्तकमा?" तिला ते का हवं होतं मला कळेना, पुन्हा गल्लीला सांगायचं असेल असं वाटलं. मी जपून सांगितलं, फुरसत म्हणजे मुळात परवानगी.

"कोनी देवानी?"

"ते लिहिलेलं नाही."

"इतला मोठा पुस्तकमा लिखेल नही?" तिनं हे अशा सुरात विचारलं की चूक माझीच. मी उतरू लागले तर म्हणाली, "बठ." इतकंच.

आखाजी झाली. घरात पुजलेली गौराई पाण्यात बोळवली, पाहुण्या लेकी एकेक करून गेल्या. फुईही एरवी लगेच जायची, त्या वर्षी गेली नाही. "माले बरं नही," म्हणाली, पण जेवत होती व्यवस्थित. झोकाही तिनं सोडू दिला नाही. आणि मग एका सकाळी सासऱ्यांची गाडी दारात आली.

माझे सासरे मोठे शेतकरी होते, अंगानं थोराड, आवाजानं मऊ. मी त्यांना मामंजी म्हणायचे. गूळपाणी झालं, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. आईनं माझं गाठोडं आदल्या रात्रीच बांधून ठेवलं होतं. मी मागच्या दाराशी उभी होते. मामंजी म्हणाले, "चाला मंग. नदी चढानी पहिले निंघेल बरं."

भाऊ उठले. आणि फुई ओट्यावरून म्हणाली, "पोर झोकावर शे, याही."

मामंजींनी निंबाकडे बघितलं. झोका रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दारात. पुन्हा झोक्याकडे बघितलं. "कोठे झोकावर, बाई? हाई काय उभी शे."

"तिन्ही आखाजी सरनी नही."

"आखाजी व्हई गई कव्हयनी!"

"तुम्हनी व्हई गई. मन्ही बी व्हई गई. पोरनी सरनी नही. तिन्ही आखाजी शाळामा ऱ्हास. सायबना पुस्तकमा लिखेल शे, विचारा भाऊले."

मामंजींनी भाऊंकडे बघितलं. भाऊ नुसते "हो, लिहिलेलं आहे खरं," एवढंच म्हणाले. मामंजी अशा चेहऱ्यानं बसले जसं एखाद्याला आपलीच गाडी ओळखू येऊ नये. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त कळत नव्हतं, आणि मलाही नाही. जी बाई जन्मभर म्हणत होती की शाळेत नुसतं बसतात, ती आता म्हणत होती की शाळेत बसतात म्हणूनच तिला उतरवू नका.

"बरं," मामंजी शेवटी म्हणाले. "मंग सरी कव्हय ती?"

फुई माझ्याकडे वळली. "कव्हय सरी वं तुन्ही आखाजी?"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मॅट्रिक झाल्यावर."

"म्हंजे कितला दिन?"

"तीन वर्षं."

"तीन सालनी आखाजी!" मामंजी ओरडलेच. मग एकदम त्यांना हसू आलं. "बाई, मन्हा घरमा चार आंडेरी शेत. त्यासना कानवर हाई जाऊ देऊ नका. त्यासले मंग झोकावरथीन कोन उतारी?"

"त्या तुम्हना घरना नेम," फुई म्हणाली. "आम्हना घरना आसा शे. झोकावरनी लेक आपली उतरस. वढीसन लई जावानं व्हई तं लई जा, मी आडी नही. पन मंग आखाजीले मुऱ्हाळी कोन्हा दारमा उना तं त्याले रिकामा धाडा म्हना, नेम तं मोडेलच शे."

मामंजींच्या स्वतःच्या लेकी दर आखाजीला मुऱ्हाळी पाठवूनच येत होत्या. त्यांनी पाणी मागितलं, पिऊन घेतलं, आकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, दिवाळीला पाठवा, लग्नकार्याला पाठवा, बाकी पुढच्या आखाजीला बघू. गाडी रिकामी परत गेली. माझं गाठोडं मागच्या खोलीत तसंच पडलं होतं, आई ते उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "सोड." आणि पुन्हा डाळ पाखडायला बसली.

त्यानंतर दर आखाजीला मामंजी गाडी घेऊन यायचे. दरवर्षी विचारायचे, "सरनी का?" आणि दरवर्षी फुई म्हणायची, "नही." ते दोघांनाही आवडू लागलं होतं असं मला वाटतं, पण खात्री नाही. मी फुईला एकदा विचारलं, तुला शाळा पटली का? तर ती भडकली. "शाळा कसाले पटी माले? रिकामपन शे ते. मी नेमसाठे बोलनू." म्हणजे तिनं माझ्यासाठी केलं की नेमासाठी, आणि झोक्यावर बसून ती कुठे बघायची, हे मला आजही सांगता येणार नाही. मी बसत होते तेव्हा पाणी आई भरत होती, एवढं मात्र मी बघितलेलं आहे. ग्रीकांच्या घरी कोण भरत होतं, ते कोशात नव्हतं.

हेडमास्तरांना मी सुट्टीनंतर विचारलं. ते म्हणाले, कुठला शब्द?

मॅट्रिकची परीक्षा झाली ती शेवटची आखाजी. मामंजी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सरनी का?" मी झोक्यावर होते. फुई ओट्यावर होती, थकलेली, भिंतीला टेकून. तिनं उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग भाऊ बघायला लागले, मग आई.

मला वाटलं होतं, हे उत्तर माझ्याकडे तयार असेल. तीन वर्षं मी त्या दिवसासाठीच तर अभ्यास केला होता. पण सरली की नाही, मला कळेना. निकाल लागायचा होता. कॉलेज नावाची गोष्ट पुण्यात होती म्हणतात. तुमचे आजोबा मला दोनतीनदा नीट बघायला मिळाले होते आणि वाईट वाटले नव्हते. मी खरं तेच बोलले. "माहीत नही, मामंजी."

मामंजींनी गाडीवानाला हाक मारली, "बैल सोड रे. पोरले आजून माहीत नही." आणि ओट्यावर फुईपासून जरा अंतर ठेवून ते बसले, जसं काही त्यांनाही दिवसभर दुसरं काम नव्हतं.

धाकटीला सांगा, स्कूल हा शब्द ग्रीकांकडून आला आणि त्याचा अर्थ फुरसत. शाळेत विचारलं तर एवढंच सांगायचं. बाकीचं तिच्या बाईंना पटणार नाही. मी त्या दिवशी ऊन कलेपर्यंत झोक्यावर होते. बैल निंबाखाली कडबा खात होते, मामंजी आणि फुई कापसाच्या भावावरून भांडत होते, कोणी मला हाक मारली नाही. मग मी उतरले.